काचेखालचा नमुना

माझ्या वहिनीला रिकामी जागा बघवत नसे. कपाटात एखादा कप्पा मोकळा दिसला की ती त्यात काहीतरी कोंबायची, आणि बोलता बोलता कुणी गप्प झालं की तिथे आपल्या माहेरची गोष्ट भरायची. आमच्या दुकानात पहिल्यांदाच झेरॉक्स काढायला आलेल्या माणसालाही तिचे वडील कुठल्या खात्यात होते, आई कशाने गेली, धाकट्या भावाचं ठरलेलं लग्न का मोडलं, हे सगळं मशीन गरम होईपर्यंत कळलेलं असे. मी तिची नणंद. लग्न न करता भावाच्या घरी राहिलेली, तेव्हा टोमणे मारायचा हक्क माझ्याकडे आपसूकच आला. मी म्हणायचे, "वहिनी, गिऱ्हाईक कागद घ्यायला आलंय, सोयरीक जुळवायला नाही." ती हसायची आणि पुढची गोष्ट सुरू करायची.

दादा कारखान्यात पाळीवर जायचा, त्यामुळे दुकान आम्हा दोघींचंच. रस्त्याकडे जाड काच घातलेलं काउंटर, मागे झेरॉक्सचं मशीन, भिंतीला लागून संगणक आणि कोपऱ्यात माझं लॅमिनेशन. झेरॉक्सवर दुकान उघडं राहायचं, पण नाव होतं ते बायोडाटांमुळे. आजूबाजूला कारखाने, दवाखाने, शाळा, आणि तिथे चिकटू पाहणारी माणसं भरपूर. सगळे वहिनीला 'बायोडाटावाल्या बाई' म्हणत.

तिची एक पद्धत होती. माणसाला स्टुलावर बसवायचं आणि विचारायला लागायचं. शिक्षण, अनुभव हे ती भरभर उरकून टाकी. खरी रंगायची ती 'वैयक्तिक माहिती' या सदरात. वडिलांचं नाव, त्यांचा व्यवसाय, जन्मतारीख, जन्मगाव, उंची, रक्तगट, छंद, लग्न झालंय की नाही, झालं असेल तर कुणाशी, अंगावरची ओळखखूण, आणि पत्ता. पत्ताही कसा, तर पोस्टमनने डोळे मिटून यावं असा. कुणी कुरकुर केली की म्हणायची, "अहो, रिकामी जागा दिसली की साहेबाच्या मनात पाल चुकचुकते. कर नाही त्याला डर कशाला?" हे तिचं ठरलेलं वाक्य होतं. दिवसातून कितीदा ऐकायचे मी ते.

तिची दुसरी पद्धत म्हणजे नमुना. एखादा बायोडाटा मनासारखा जमला की त्याची एक जादा प्रत काढून ती काउंटरच्या काचेखाली सरकवायची. गिऱ्हाइकाने तो बघून म्हणायचं, असाच करा. नाव, फोटो आणि फोन नंबर यांवर मी पांढऱ्या कागदाच्या पट्ट्या कापून चिकटवायची. बाकी सगळं तसंच. यात कुणाला काही वावगं वाटायचं नाही, उलट मान वाटायचा. एक वायरमन तर काचेखालचा आपला बायोडाटा दाखवायला आईला घेऊन आला होता. म्हातारीने काचेवरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली होती.

मग एकदा सिस्टर आली. नाव मी सांगणार नाही. नर्सचं काम करायची म्हणून आम्ही तिला सिस्टर म्हणायचो, तेवढं पुरे. अंगाने किरकोळ, बोलताना समोरच्याकडे बघायची पण पाठ कायम भिंतीला लावून बसायची. नव्या दवाखान्यात लहान मुलांच्या वॉर्डात जागा निघाली होती. शिक्षण चांगलं, अनुभव चांगला, फक्त आधीची नोकरी मध्येच तुटलेली. वहिनी खुशीत टाइप करत होती. वैयक्तिक माहिती आली तशी सिस्टर म्हणाली, "पत्ता नको घालूया."

"पत्ता नको? मग बोलावणार कुठे तुम्हाला?"

"फोन आहे ना."

"फोन काय, आज आहे उद्या नाही. आधीच तुमची नोकरी मध्ये तुटलेली, त्यात पत्ताही नाही. साहेब म्हणेल, ही बाई कुणापासून लपतेय?"

सिस्टरने पाठ भिंतीला आणखी टेकवली. मग हळूच म्हणाली, "लपतेच आहे."

तेव्हा तिने थोडंसं सांगितलं. नवऱ्याला सोडून आली होती. तो आरडाओरडा करणारा नव्हता, दारू पिणाराही नव्हता. "लोकांना तो फार आवडतो," ती म्हणाली. मागच्या गावात तिने पोलिसांत तक्रार केली होती. तिथे सध्याचा पत्ता विचारला, तिने दिला. तक्रारीचा कागद रीतीप्रमाणे त्याच्याकडे गेला आणि थोड्याच दिवसांत तो दारात उभा. "एक शब्द बोलला नाही. चहा मागितला फक्त," एवढं सांगून ती थांबली.

वहिनीच्या डोळ्यांत पाणी आलं. ती मनाने लोणी आहे, हे मी नणंद असूनही सांगते. पण पाणी पुसून ती परत की-बोर्डकडे वळली. "बाई गं, तो काय दवाखान्याच्या कपाटातल्या फायली चाळायला येणारे? हा कागद साहेब बघणार, बाजूला ठेवणार. नोकरी महत्त्वाची की नाही?"

नोकरी महत्त्वाची होतीच. सिस्टरने पत्ता सांगितला. पाण्याच्या टाकीमागची गल्ली, दुसरा मजला, जिन्याजवळचं हिरवं दार. लग्न झालंय का, याला तिने मान हलवली. वहिनीने 'विवाहित' लिहिलं. नवऱ्याचं नाव तिने सांगितलं नाही, वहिनीनेही पहिल्यांदाच ती ओळ सोडून दिली. राहिली ओळखखूण. सिस्टरने बाही वर केली. डाव्या मनगटावर चकतीसारखा गोल डाग होता.

"भाजलं वाटतं? स्वयंपाक करताना?"

"भाजलं एवढंच लिहा," सिस्टर म्हणाली.

नोकरी लागली. लहान मुलांचा वॉर्ड, पाळ्या सोसतील अशा, मेट्रन भली. पहिल्या सुट्टीला सिस्टर आमच्याकडे आली ती चक्क हसत. भिंत सोडून स्टुलावर बसली, वहिनीच्या माहेरची सगळी गोष्ट ऐकली, आणि वर विचारलं, "मग त्या मुलीचं पुढे काय झालं?" धाकट्या भावाची गोष्ट इतक्या मन लावून ऐकणारी ती पहिलीच. वहिनी हवेतच गेली. तिच्या हातचा बायोडाटा, मोडलेला अनुभव असूनही, नव्या दवाखान्याने पसंत केला होता. सिस्टर गेल्यावर तिने जादा प्रत काढली आणि मला म्हणाली, "वन्सं, पट्ट्या कापा. पुढच्या वेळी आली की दाखवू, खूश होईल."

मी पट्ट्या चिकटवल्या. नाव झाकलं, फोटो झाकला, फोन झाकला. त्या गावचं इथे कोण येतंय, असं वहिनीला वाटलं आणि मलाही.

तो आला त्या दुपारी दुकानात दुसरं कुणी नव्हतं. इस्त्रीचा शर्ट, नीट विंचरलेले केस, हातात प्लास्टिकची फाइल. बूट पायपुसण्यावर पुसून आत आला. आमच्या दुकानात बूट पुसून येणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता. "ताई, बायोडाटा करायचाय. सवडीने करा, मला घाई नाही," तो म्हणाला. आवाज असा मऊ की वहिनीने त्याला चहा विचारला.

तो तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करायचा. इथल्या दवाखान्यांत जागा बघत होता. "एकेका दवाखान्यात स्वतः जाऊन देणार आहे. प्रत्यक्ष गेलं की माणसं दिसतात," तो म्हणाला.

वहिनीने त्याला काचेखालचे नमुने बघायला सांगितलं. तो कोपरं टेकवून वाकला. एकेक वाचत गेला, वायरमनचा, शिक्षिकेचा. मग एका ठिकाणी थांबला. मी लॅमिनेशनला बसले होते, मला त्याचा चेहरा बाजूने दिसत होता. त्यात काहीही बदललं नाही. तो फक्त इतका वेळ वाचत राहिला की मशीनमधला माझा कागद वाकडा गेला.

"हा छान आहे. अगदी असाच करा," शेवटी तो म्हणाला.

वहिनी खुलली. शिक्षण झालं, अनुभव झाला, वडिलांचा व्यवसाय झाला. "विवाहित?"

"हो."

"पत्नीचं नाव?"

त्याने नाव सांगितलं. वहिनीची बोटं की-बोर्डवर तशीच राहिली. मी मान वर केली. त्या नावावर पट्टी मीच चिकटवली होती.

वहिनीने कसंबसं ते नाव टाइप केलं. तिला दुसरं काही सुचलंच नाही, हात सवयीने चालत राहिला. आणि सवयीनेच तिने पुढचा प्रश्न विचारला. "पत्ता?"

तो हसला. त्याने काचेवर बोट ठेवलं आणि दोनदा हलकेच वाजवलं. "हाच लिहा," तो म्हणाला.

माझी वहिनी आयुष्यात खोटं बोलली नव्हती. तिला येतच नव्हतं ते. तरी ती म्हणाली, "अहो, तो खरा पत्ता नाही काही. नमुना आहे तो. मी आपलं मनानेच लिहिलंय सगळं."

"असं होय?" तो म्हणाला. मग त्याने स्वतःच्या डाव्या मनगटावर अंगठ्याने सावकाश एक गोल काढला. "आणि हे? हेही मनानेच लिहिलंत?"

त्याने चहा संपवला, कप उचलून आतल्या बाजूला ठेवला, फाइल घेतली. "बायोडाटा राहू द्या आता. लागणार नाही बहुतेक," असं म्हणून तो पायऱ्या उतरला. जाताना दार नीट लावून घेतलं.

वहिनीने पहिला फोन सिस्टरला लावला. वाजून वाजून बंद झाला. रात्रपाळी करून ती झोपलेली असणार. दुसऱ्यांदा लावला, तिसऱ्यांदा लावला, मग वहिनीने फोन टाकला आणि दादाची स्कूटर काढली. मी मागे बसले. दुकानाला कुलूप लावलं की नाही, हे दोघींनाही आठवत नव्हतं.

गल्लीच्या तोंडाशी तो दिसला. टपरीवर उभा होता, हातात पेला. वर दुसऱ्या मजल्याकडे बघत होता, घर भाड्याने घ्यायला आलेला माणूस बघतो तसा. त्याला खरंच घाई नव्हती, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. वहिनीने स्कूटर मागच्या बोळात घातली. मागचा जिना घरमालकिणीच्या स्वयंपाकघरातून होता. "असू दे, असू दे, नंतर सांगते," असं म्हणत वहिनी तिच्या ओट्याला घासून वर पळाली.

सिस्टरने मागचं दार उघडलं. केस विस्कटलेले, डोळे लाल. आमचे चेहरे बघून तिला सगळं कळलं. "कुठे आहे?" एवढंच तिने विचारलं.

"गल्लीच्या तोंडाशी."

तिने खाटेखालून पिशवी ओढली. भरलेलीच होती. इतक्या दिवसांत, नोकरी लागून, हसून, माहेरच्या गोष्टी ऐकूनसुद्धा, ती पिशवी तिने रिकामी केली नव्हती. चपला घालता घालता म्हणाली, "पत्ता कुठे मिळाला त्याला?"

वहिनी दाराला धरून उभी होती. "माझ्याकडे. काचेखाली लावला होता मी. नमुना म्हणून," ती म्हणाली.

सिस्टरने तिच्याकडे पाहिलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, "मी म्हटलं होतं, पत्ता नको."

"पोलिसांत जाऊया. आत्ता. मी येते," वहिनी म्हणाली.

"तिथे पहिलं काय विचारतील?" सिस्टर म्हणाली.

ठरवायला वेळ नव्हता. वहिनी तिला स्कूटरवरून बस स्टँडला नेणार आणि मी खोलीत थांबणार, पंखा चालू ठेवून, भांडी वाजवत, म्हणजे खाली उभ्या असलेल्याला वाटावं की ती घरात आहे. मला कुणी विचारलं नाही, मीच म्हटलं. त्या दोघी मागच्या जिन्याने उतरल्या. स्कूटरचा आवाज बोळातून लांब गेला, आणि मी मोरीवर पातेलं घासायला घेतलं. घासलेलंच होतं ते.

मग जिन्यावर पावलं वाजली. एकेक पायरी, न धावता. दारावर टकटक झाली, अगदी हलकी, शेजारधर्म पाळणाऱ्या माणसाची. आणि त्याने हाक मारली. तिचं नाव नाही, नवरा-बायकोत असतं तसलं लाडाचं काहीतरी. ते मी सांगणार नाही. हाक एवढ्या मायेची की माझं पातेलं घासणंच थांबलं. नळ चालू होता, तो बंद करायचंही भान नव्हतं.

"उघड ना. मी रागावलो नाहीये," तो म्हणाला.

मी पातेलं छातीशी धरून उभी राहिले. दाराची कडी एकदा हलली. मग थांबली. बाहेर तो नुसता उभा होता, मला दाराखालच्या फटीत त्याच्या बुटांची सावली दिसत होती. किती वेळ गेला कुणास ठाऊक. शेवटी घरमालकीण खालून ओरडत वर आली. "कोण हवंय हो? इथे बायकांच्या बिऱ्हाडात असं उभं राहायचं नाही." तो तिच्याशी इतकं अदबीने बोलला की तिचा आवाज लगेच खाली आला. "चुकलं माझं, मावशी. परत येईन," तो म्हणाला, आणि सावली गेली.

सिस्टर त्या दिवसापासून आम्हाला दिसली नाही. कुठल्या बसमध्ये बसली तेही वहिनीने पाहिलं नाही. पाठ करून उभी राहिली, म्हणजे कुणी विचारलं तरी सांगता येऊ नये. पण बस लागण्याआधी सिस्टरने तिला एक विचारलं होतं. "आता नर्सचं काम कुठेच मागता येणार नाही. दवाखाने तो शोधेल. तुमच्या दुकानात टायपिंगला होते असं लिहिलं तर चालेल? कुणी फोन करून विचारलं तर?" वहिनी म्हणाली, "लिहा." लहान मुलांच्या वॉर्डातली नोकरी, एवढ्या वर्षांचं शिक्षण, सगळं तिला बायोडाटातून पुसावं लागलं. वहिनीने हे त्या रात्री मला सांगितलं आणि पदराने तोंड दाबून रडली. मी तिला गप्प केलं नाही. रडण्यासारखंच होतं ते.

दुसऱ्या दिवशी काचेखालचे सगळे नमुने तिने काढून फाडले. वायरमन चिडला, "माझा का काढला?" म्हणून भांडला. ती काही बोलली नाही. नवीन बायोडाटा करताना ती आता शिक्षण आणि अनुभव सावकाश विचारते, आणि वैयक्तिक माहिती आली की हात मांडीवर ठेवते. एखादी मुलगी जन्मतारीख, पत्ता, वडिलांचं नाव सांगायला लागली तर म्हणते, "नको. फोन पुरे." कर नाही त्याला डर कशाला, हे वाक्य मी तिच्या तोंडून पुन्हा ऐकलं नाही. माहेरच्या गोष्टीही बंद झाल्या. मशीन गरम होईपर्यंत दुकानात आता गप्पच असतं.

आणि तो? तो याच गावात राहिला. पाण्याच्या टाकीमागे खोली घेतली म्हणे. घरमालकिणीला फार आवडतो, तिचं औषधपाणी बघतो. अधूनमधून आमच्याकडे येतो. बूट पुसतो, एखाद्या कागदाची झेरॉक्स काढतो, काउंटरवर कोपरं टेकतो आणि रिकाम्या काचेकडे बघतो. "नवीन नमुना नाही लावला?" असं विचारतो. आम्ही हाकलू शकत नाही. झेरॉक्स काढणं गुन्हा थोडाच आहे?

परवा तो उभा असतानाच फोन वाजला. वहिनीने उचलला. मी जवळच होते, पलीकडचा आवाज मला पुसट ऐकू येत होता. कुठल्या तरी छापखान्यातून कुणी बाई बोलत होत्या. तुमच्याकडे टायपिंगला एक बाई होत्या का, म्हणून विचारत होत्या. वहिनीचा चेहरा पांढरा पडला, पण आवाज हलला नाही.

"हो," ती म्हणाली. तो कागद जुळवत होता. त्याचा हात मंदावला.

"हो. चांगलं. अगदी विश्वासाचं." मग जरा थांबून, "नाही, सुटलं ते आमच्या बाजूने. त्यांची काही चूक नव्हती."

तिने फोन ठेवला तो पालथा.

"कुणाचा हो?" त्याने विचारलं. तसाच मऊ आवाज.

"माहेरचा," वहिनी म्हणाली. त्याच्याशी बोललेलं दुसरं खोटं, आणि या वेळी जीभ अडखळली नाही.

"अरे वा. माहेर कुठलं तुमचं?"

हा प्रश्न विचारायची वेळ वहिनीने याआधी कधी कुणावर येऊ दिली नव्हती. ती त्याच्याकडे बघत राहिली. मी लॅमिनेशनचं बटण दाबायचं विसरले.

"एवढी माहिती द्यायची नसते," ती म्हणाली.

तो हसला. झेरॉक्स घेतली, सुटे पैसे काचेवर ठेवले. जाता जाता त्याची नजर त्या पालथ्या फोनवर गेली, आणि तिथून परत वहिनीच्या तोंडावर. "येतो परत," असं म्हणून त्याने दार नीट लावून घेतलं.

वहिनीने फोन उचलला आणि तो नंबर पुसून टाकला. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "वन्सं, तुम्ही काही ऐकलंत?"

"नाही," मी म्हटलं.